हॉलमधलं पाणी

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला जरा सोपं जातंय. जिवंत असतीस तर सुनेकडून वाचून घेतलं असतंस, मध्येच तिला थांबवून "हे खोटं हाये त्याचं" म्हणाली असतीस, आणि दिवेलागणीपर्यंत अर्ध्या सिहोरा गावाला मजकूर कळला असता. मी शाळेतल्या मराठीत लिहितोय, यालाही हसली असतीस. हस. आयुष्यभर फरशा बसवणाऱ्या माणसाला तेवढीच मराठी कागदावर येते.

आज लाखनीहून आलो. तिथं एक बाई आहेत, दवाखान्यातल्या नोकरीतून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, मीही म्हणतो. हायवेपासून थोडं आत त्यांचं घर आहे. त्या घरात त्या म्हाताऱ्या माणसांसाठी दिवसभराची सोय करतायत. नुसत्या विसरभोळ्यांसाठी नाही, ज्यांना आपलंच घर आणि आपलीच लेकरं अनोळखी होतात त्यांच्यासाठी. घरच्यांनी सकाळी आणून सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. आपल्या गावात अशा माणसाला चळ लागला म्हणून मोकळे होतात. सिस्टर या आजाराला डिमेन्शिया म्हणतात, आणि त्यासाठी घर कसं बांधावं याची अख्खी यादी त्यांच्या डोक्यात आहे. फरशीचं काम मला दिलं त्या पहिल्या दिवशी घरभर फिरवत त्यांनी ती सांगितली. संडासाचं दार पलंगावरून दिसलं पाहिजे, आणि ते भिंतीच्या रंगाचं नको. भिंत पांढरी आणि सीटही पांढरी असली तर त्यांना सीट दिसतच नाही. अंगणातली वाट फिरून परत घराशी आली पाहिजे, नाहीतर माणूस कुलपापाशी जाऊन अडकतो आणि चिडतो. मी टेपने मापं घेत हो हो म्हणत होतो. मनात म्हणत होतो, बाईला हौस फार. मग त्या म्हणाल्या, "आणि चमकणारी फरशी नको हं मिस्त्री. त्या लोकाइले ते पाणी वाटते."

मी तिथंच सिमेंटच्या पोत्यावर बसलो. सिस्टरना वाटलं माझं बीपी खाली गेलं, त्या मशीन आणायला आत पळाल्या.

तुझी रोवणी आठवते मला. दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत घोटाभर चिखलात दिवसभर वाकून पऱ्ह्याची रोपं लावायचीस, दोरी न धरता, आणि तुझी ओळ बाकीच्या बायकांच्या ओळीपेक्षा सरळ असायची. बांधीचा मालक ओरडला की मात्र मान खाली घालायचीस, ते मला आवडायचं नाही. घरी आमच्यावर ओरडताना ती मान बरोबर ताठ असायची. मी तुमसरला पहिलं स्वतःचं काम घेतलं तेव्हा न सांगता बसने आलीस. एका मास्तरांचं स्वयंपाकघर होतं. मास्तरांसमोरच खाली बसलीस, बोटाच्या पेराने एकेक फरशी ठोकत गेलीस आणि कोपऱ्यात थांबलीस. "हे पोकळ वाजून राहिलं. काढ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी बोललो नाही, आणि तू मजेत फुटाणे खात होतीस. पण त्यानंतर माझ्या हातची फरशी कुठं पोकळ वाजल्याचं ऐकलं नाही. लोक मला चांगला मिस्त्री म्हणतात, त्यातला निम्मा मान त्या पेराचा आहे.

म्हणूनच आपलं नवं घर झालं तेव्हा हॉलची फरशी मी तुझ्यासाठी बसवली. दोन बाय दोनच्या, हस्तिदंती रंगाच्या, आरशासारख्या चमकणाऱ्या, सांधा दोऱ्याएवढा. पाण्याचा थेंब टाकला तर कुठल्या बाजूला जावं हे त्याला कळायचं नाही, इतकी लेव्हल. तू त्यावर तळहात फिरवत दुपारभर बसून होतीस. "थंडगार हाये रे बाबू," म्हणालीस. शेजारणींना बोलावलंस आणि त्यांच्या चपला अंगणाच्याही बाहेर काढायला लावल्यास. नंतर मी गिऱ्हाइकांना आपला हॉल दाखवायला घरी आणू लागलो. तू त्यांना चहा द्यायचीस आणि न विचारता सांगायचीस, "माह्या पोरानं केलं हे."

मग तू विसरायला लागलीस. आधी भातात दोनदा मीठ, मग माझ्या बायकोला "तू कोणाची वो?" म्हणून विचारणं. तिनं मनाला लावून घेतलं नाही. "तुमचीच," म्हणायची आणि तुझी वेणी घालायची. एका सकाळी पाहतो तर तू तुझ्या खोलीच्या दारात उभी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, एक पाय वर उचललेला.

"काहून उभी हायेस?"

"पाणी हाये ना बांधीत. कितीक हाये पाह्यल्याबिगर उतरू कशी?"

मी हसलो. चहाच्या टपरीवर दोघा-तिघांना सांगून त्यांनाही हसवलं. पण संडास हॉलच्या पलीकडे होता. त्या पाण्यात उतरायला नको म्हणून तू जाईनाशी झालीस आणि अंथरूण ओलं व्हायला लागलं. मग मी ओरडायला लागलो. "दिसत नाही का तुले? फरशी हाये ते, मी बसवली!" तू मान खाली घालायचीस. माझ्यासमोर, माय. शेवटी खोलीतून बाहेरच यायची बंद झालीस, आणि न चालणारे पाय लवकरच चालेनासे होतात. पुढच्या धानकापणीला तू गेलीस.

बीपी मोजून झाल्यावर मी सिस्टरना यातलं बरंचसं सांगितलं आणि म्हणालो, "आम्हाले तेव्हा काही माहीत नव्हतं, सिस्टर." त्या म्हणाल्या, "कोणालेच माहीत नसते, मिस्त्री. जिवाला लावून घेऊ नका." त्यांच्या घरात मग मी मातकट रंगाची खरखरीत फरशी बसवली. बायको पाहायला आली होती. गोठा केला म्हणाली, पण तिला आवडला.

आज त्या घराचा पहिला दिवस. चार जण आले. त्यात एक आजोबा, चिखला गावच्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली जन्म काढलेले. त्यांची सून हाताला धरून आणत होती. आतल्या दाराशी आले आणि थांबले. उंबऱ्याच्या जागी मी शोभेसाठी काळ्या दगडाची एक पट्टी टाकली होती. सिस्टरनी ती सांगितली नव्हती, माझ्याच हाताची खोड. आजोबा त्या काळ्याकडे पाहत राहिले, मग हाताने डोकं चाचपलं. "माही बत्ती कुठी हाये? बत्तीशिवाय मी खाली नाही उतरत." सून ओढायला लागली तसे ते दाराची चौकट धरून रडायला लागले. मी गाडीतून छन्नी-हातोडा आणला. अर्ध्या तासात पट्टी उखडली, त्या खाचेत फरशीच्याच रंगाची प्लाय ठोकली. तोवर आजोबा सिस्टरशी गप्पा मारत चहा प्याले, आणि नंतर गप्पा मारतच त्यावरून आत गेले. खाली पाहिलंही नाही त्यांनी.

सगळे माझं कौतुक करत होते. मला तिथं थांबवेना. घरी येऊन हॉलमध्ये बसलोय. ही फरशी अजून तशीच चमकते.

सिस्टरना सांगितलं ते खोटं आहे, माय. मला माहीत होतं. तू बाहेर यायची बंद झालीस त्याच सुमारास तुझ्या सुनेनं रिकामी पोती धुऊन, वाळवून तुझ्या दारापासून संडासापर्यंत ओळीनं अंथरली होती. "चला माय, धुऱ्यावरून जाऊ," म्हणाली, आणि तू लुगडं खाली सोडून बांधीच्या बांधावरून चालावं तशी त्या पोत्यांवरून सरळ चालत गेलीस. तिला धरावंही लागलं नाही. चार दिवस अंथरूण कोरडं होतं. चार दिवस तू येता-जाता दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे पाहत "औंदा धान चांगला हाये" म्हणत होतीस. पाचव्या दिवशी तुमसरहून एक मोठं गिऱ्हाईक हॉल पाहायला येणार होतं. सून म्हणाली, राहू द्या, लोक काही म्हणत नाहीत. मी पोती गोळा केली, माळ्यावर टाकली आणि तिला सांगितलं, संध्याकाळी परत घालू. ती संध्याकाळ आलीच नाही. त्या गिऱ्हाइकानंतर दुसरं आलं, आणि मलाही हॉल तसाच बरा दिसत होता. बायकोने यावरून मला आजवर एका शब्दाने टोचलेलं नाही.

हे सिस्टरना सांगायला हवं. बहुतेक सांगणार नाही. तुलाही धड सगळं सांगितलेलं नाही, एवढं एक राहिलंय. पोती उचलत होतो तेव्हा तू पलंगावरून पाहत होतीस. "धुरा फुटला का रे बाबू?" विचारलंस. मी हो म्हणालो.