बांधावरची चार चाकं

रवि. ३ ऑगस्ट

इक्बाल सकाळीच टेम्पोत घालून ती चारचाकी घेऊन आला. एटीव्ही. वर मोटारसायकलचं हँडल, खाली चार फुगीर चाकं. राधानगरीकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टची, मंगळवार पेठेत त्याच्या गॅरेजात धूळ खात होती. म्हणाला, "गणपतीपर्यंत चालव मर्दा. अंगाला बसली तर ठेव, न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक हाय." शाळेपासूनचा मित्र, पण गिऱ्हाईक म्हटलं की त्याचे डोळेच बदलतात.

सुषमा खूश. "चार चाकं आहेत, पडणार तरी नाहीस!" गेल्या पावसाळ्यात मोटारसायकलवरून आपटलो तेव्हापासून माझी कंबर बोलते, आणि बायको कंबरेपेक्षा जास्त. डॉक्टरांनी दोन चाकं बंद सांगितलीत. आठवडाभर राजारामपुरीतल्या दुकानात लोकांच्या नाकावर चष्मे बसवायचे आणि रविवारी राधानगरीच्या रानात पायवाटा हुडकत फिरायचं, एवढंच तर आहे आयुष्यात. ते सोडवत नाही. म्हणून हे थेर.

दुपारी गावाबाहेर सड्यावर, मोकळ्या कातळावर, चालवून बघितली. अंगठ्यानं दाबायचा अॅक्सिलेटर. वळताना कलत नाही, आपणच म्हशीवर बसल्यागत एका अंगाला झुकायचं. पण चिखलात घसरत नाही. आणि घरी आलो तर कंबर गप्प! खरंच गप्प. फार बरं वाटलं.

रवि. १० ऑगस्ट

आज नेहमीच्या वाटेनं गेलो. पांडूतात्यांच्या भाताच्या खाचरावरून रानात जाते ती. वाट म्हणजे बांधच. वर तात्यांचं खाचर, खाली त्यांच्या धाकट्या भावाचं, शिवाचं. मोटारसायकल त्यावरून कितीदा नेली. तात्याच म्हणायचे, "जावा की, माणसं जात्यात, म्हशी जात्यात."

माणसं जातात. म्हशी जातात. ही बया माणूस नाही आणि म्हैसही नाही.

मध्यावर खालच्या अंगाची चाकं खचली. रिव्हर्स टाकून बाहेर काढली, पण बांधाचा एक लचका गेला. चिखल पायानं थापला, दोन दगड बसवले. शेतात कुणी नव्हतं, सगळी कुणाच्या तरी बाराव्याला गेलेली. हाक मारायला हवी होती, निदान फोन तरी. पावसाची सर आली आणि मी निघालो. बसेल म्हटलं माती.

नसेल बसली तर?

सुषमाला म्हणालो, मस्त झाली राईड.

गुरु. १४ ऑगस्ट

पांडूतात्या दुकानात. नवीन चष्मा न्यायला आलेले. बसल्या बसल्या सुरू. "शनवारी खत टाकलं आन् सोमवारी बघतोय तर बांधाला ह्ये खिंडार! समदं पाणी खाली. खत माझं, पोसतंय शिवाचं भात. पाठच्या भावानं असं करावं व्हय हो?"

मी म्हणालो, "पावसानंही फुटतो की तात्या."

"पावसानं? माझ्या बापानं घातलेला बांध हाय त्यो. कधी फुटला न्हाई. खत टाकल्याव बरा फुटला!"

मग म्हणाले, आजवर दोघा भावांत एकच गणपती बसायचा, थोरल्याच्या घरात. औंदा वेगळा. शिवाला उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही म्हणून सांगितलंय.

तोंड उघडलं होतं मी. देवाशपथ उघडलं होतं. आणि त्यातून काय आलं, तर "नाकावर टोचतोय का बघा." तात्यांनी मान हलवली, म्हणाले, "झ्याक दिसतंय." जाताना पिशवीतून काकडी काढून काउंटरवर ठेवली. त्यांच्या घरामागच्या परड्यातली.

काकडी घरी नेली नाही. दुकानातच आहे.

शनि. १६ ऑगस्ट

इक्बालला सांगितलं. हसला आधी. मग माझं तोंड बघून हसू आवरलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, भावा. बांधावरनं भांडणं काय आज झाली व्हय? तू नसतास तरी ती दोघं कशावरनं तरी भांडलीच असती."

ऐकून हलकं वाटलं. तासभर. मग स्वतःचीच चीड आली. तात्या आणि शिवा एका ताटात जेवताना मी बघितलेत. मी त्यांच्यात बसून जेवलोय. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा म्हणतात तो मीच की.

इक्बाल निघताना, "गाडीचं काय ठरलं?"

गाडीचं! याला गाडीचं पडलंय.

रवि. १७ ऑगस्ट

तिकडे फिरकलो नाही. दुसऱ्या बाजूच्या डोंगरावर गेलो. गाडीचं म्हणून लिहून ठेवतो: चढाला ताकद भरपूर. पाठ शाबूत. पण मी चालवतो ती वाट हिला पुरत नाही. करवंदीच्या जाळीतून मोटारसायकल अंग चोरून निघायची, ही दोन्ही अंगांनी मोडत जाते. मागं वळून बघितलं तर चिखलात रुंद पट्टा. पूर्वी कधी मागं वळून बघायची गरज पडली नव्हती.

एक बाई गवताचा भारा घेऊन येत होत्या. मला बघून वाट सोडून गटारात उतरल्या. "जाऊ द्या पावणं, तुमची मोठी हाय." लाज वाटली. इंजिन बंद करून त्या जाईपर्यंत थांबलो, तेव्हा त्या आणखी संशयानं बघायला लागल्या.

बुध. २० ऑगस्ट

धुवांधार. धरणाचे दरवाजे उघडलेत म्हणे. दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे डोकं मोकळं, आणि मोकळ्या डोक्यात एकच.

सुषमाला सांगून टाकलं. भाकरी थापता थापता थांबली. "बांध फुटला ते ठीक आहे. चूक होते. पण ते समोर बसून भावाला शिव्या देत होते आणि तू त्यांना चष्मा लावून पाठवलास?"

मी सांडलेलं पीठ गोळा करायला लागलो.

"चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि माझा नवरा बघत बसलाय." तवा जळत होता, तिचं लक्ष नव्हतं. मग हळू आवाजात, "रविवारी जा. ती गाडी घेऊन नको, एसटीनं जा."

रवि. २४ ऑगस्ट

गेलो. आणि घोळ घालून आलो.

एसटीत विचार केला, ज्याच्यावर आळ आला त्याची माफी आधी. म्हणून पहिल्यांदा शिवाच्या घरी. सगळं सांगितलं. शिवा ऐकत होता, हातातला तंबाखू तसाच. त्याच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. तो एवढंच म्हणाला, "चला, दादाला सांगा." चहा घेतल्याशिवाय वहिनी सोडेनात, म्हणून चहा घेतला.

बाहेर आलो तर समोरच त्यांच्या घराच्या सोप्यात, ओसरीवर, पांडूतात्या उभे. शिवाच्या घरातून मी येतोय, मागं शिवा. तिथंच सगळं संपलं होतं, मला कळायला वेळ लागला.

तात्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. नवा चष्मा काढला, धोतरानं पुसला. "त्यानं बोलवून घेतलं व्हय तुम्हास्नी?"

"नाही हो तात्या, मी आपणहून..."

"मग आधी त्याच्या दारात का गेलासा? बांध माझा फुटला न्हवं?"

बांध दाखवतो म्हणालो. जाऊन बघतो तर केव्हाच नवा घातलेला, वर गवताची ढेकळं थापलेली. चाकाची खूण पावसानं धुऊन नेलेली. तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चष्मेवाले, तुमी भला माणूस. दोन भाऊ एक व्हावंत म्हणून दुसऱ्याचं पाप अंगावर घेतासा. पर असलं करू नगा."

भला माणूस! आक्कांनी, त्यांच्या बायकोनं, आत बोलावून ताक दिलं. शेजारच्या म्हातारीला सांगत होत्या, अशी माणसं आता कुठं ऱ्हायली. ताक तसंच खाली ठेवलं. ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, मी केलंय, मीच, पळून गेलो होतो मी! सांगितलंही. आक्का म्हणाल्या, "असू दे, असू दे."

स्टँडपर्यंत शिवा सोडायला आला. एसटी आल्यावर म्हणाला, "खरं सांगून बी कोण ऐकत न्हाई. कसं वाटतंय?"

मंगळ. २६ ऑगस्ट

उद्या गणपती. राजारामपुरीत मंडपांची ठोकाठोक, रस्ते बंद, दुकानात कोण येतंय!

सकाळी इक्बालला सांगितलं, गाडी नको. माझ्या वाटांची नाही ती. कंबर गेली तर गेली, चालत फिरेन. त्यानं वाद घातला नाही. "न्यायला येतो" म्हणाला.

आणि दुपारी शिवाचा फोन. काल रात्री तात्यांशी तोंडातोंडी झाली. तात्या म्हणाले, "एवढं खरं असंल तर आणू दे ती गाडी. माझ्या डोळ्यादेखत बांधावरनं घालू दे. फुटला तर फुटला, माझ्या हातानं घालीन परत. पर बघायचंच हाय." गणपती आणायच्या आधी, सकाळीच. फुटला तर दोघांत एक मूर्ती. नाही फुटला तर शिवा स्वतःची वेगळी आणणार. पाट मांडून ठेवलाय म्हणाला. बोलताना आवाज फाटला त्याचा.

इक्बालला परत फोन. आधी शिव्या घातल्या, मग "टेम्पो पहाटे आणतो" म्हणाला. तोही येणार आहे. सुषमाही येते म्हणते, तात्यांना सांगायला की हा माणूस भला वगैरे काही नाही, मी ओळखते.

हसलो. खूप दिवसांनी.

पण एक गोष्ट कुणाला बोललो नाही. तो बांध मी परवा पायानं दाबून बघितलाय. तात्यांनी यंदा रुंद घातलाय, दगड भरून, चोपून. घट्ट आहे. इतके दिवस देवाला म्हणत होतो, तो बांध फुटला नसता तर. उद्या त्याच बांधावर गाडी घालायची आणि म्हणायचं, फूट बाबा.

आणि नाहीच फुटला तर?