आमच्या नदीवर कुणी मरत नाही

३ फेब्रुवारी

दारावर पाटी लागली! ‘आरोग्य समता कार्यालय.’ खाली माझं नाव — झुनिल्दा रेन्तेरिया, प्रमुख. प्रमुख म्हणजे मी आणि छताचा पंखा. खिडकी उघडली की समोर शेजारच्या इमारतीची भिंत. इतकी वर्षं नदीवर नर्स म्हणून भिजत काढली, आता कोरडी खुर्ची मिळाली तर कुरकुर करू नये.

माझे साहेब डॉक्टर आर्बोलेदा, राजधानीहून आलेले; डॉक्टरकी आकड्यांची, रोग्यांची नाही. तरुण, नम्र, सदा घामाघूम. म्हणाले, “झुनिल्दाबाई, हे कार्यालय तुमच्याच लोकांसाठी उघडलंय.” तुमचेच लोक! ह्या किब्दो शहरात येणारा प्रत्येक पाहुणा हेच म्हणतो.

पण एक गोष्ट खरी आहे. कार्यालयाला दवाखान्याची एक बोट मिळणार. डॉक्टर, सलाईन, औषधं, सगळं बोटीवर. ज्या नदीच्या काठच्या गावांत बाळं जास्त दगावतात तिला द्यायची. म्हणजे आमच्याच नदीला, दुसरं कुणाला? येस्ली मे महिन्यात बाळंत होईल. भावाची मुलगी, पण वाढवली मी. तोवर बोट आमच्या धक्क्याला लागलीच पाहिजे. त्यासाठीच ही खुर्ची घेतली.

११ फेब्रुवारी

आमची नदी यादीत सगळ्यात खाली!

साहेबांनी भिंतीवर आकडे दाखवले. “अभिनंदन! तुमच्या नदीवर बाळं मरतच नाहीत. राजधानीपेक्षा तब्येत चांगली आहे तुमची.” हसले. मीही दात दाखवले. ह्याच हातांनी मी किती जणांचे डोळे मिटलेत! पण कागद नाही. जन्माचाच नसतो, मरणाचा कुठून येणार? नोंद करायची तर पेट्रोल जाळून शहर गाठा. पोर चालायला लागलं, आता टिकेल असं वाटलं, की मग लोक त्याचं नाव घालायला येतात.

“मग झालेल्या मृत्यूंची नोंद करून आणा,” साहेब म्हणाले. आईची सही हवी. दोन साक्षीदार हवेत, मेलेलं मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले, आणि त्यातला एक नात्याबाहेरचा.

मी म्हटलं, “साहेब, आमच्या नदीवर नात्याबाहेरचं फक्त पाणी आहे.”

“खोट्या नोंदी नकोत ना. नियम मीच लिहिलाय,” ते म्हणाले. वर खूश!

२० फेब्रुवारी

गावी जाऊन आले. प्रुदेन्सिया मावशीला धरलं. गावची सुईण तीच, आणि बाळ गेलं की गुआलीत, त्याला निरोप द्यायच्या जागरणात, पहिलं गाणं उचलणारीही तीच. म्हटलं, मावशी, तुझा शब्द बायका मोडत नाहीत. सांग त्यांना, सह्या करा.

ती मासे साफ करत होती. मान वर केली नाही. “बाळ देवदूत होऊन जातं. त्याचे पंख भिजू नयेत म्हणून आम्ही डोळ्यांतलं पाणी गिळतो. गातो, टाळ्या वाजवतो, त्याला हातोहात नाचवून पाठवतो. आणि तू त्या आईला कचेरीत नेऊन विचारणार, कधी मेलं, कशानं मेलं? तिथे ती रडायची थांबेल का गं? कशासाठी, तर एका मोटरबोटीसाठी?”

मी तिच्या शेजारी बसून उरलेले मासे साफ करायला घेतले.

धुण्याच्या घाटावर गेले तर बायका आपापली धुणी गोळा करायला लागल्या. कुणीतरी पुटपुटलं, “आली, मेलेल्यांची मोजणी करणारी.” येस्ली पोट धरून हसत होती. “आत्या, तू सरकार झालीस गं! आता आम्हाला तुझी भीती वाटणार.”

मला राग आला. तिचा नाही. कुणाचा ते ठरवता येत नाही, हाच तर त्रास आहे.

१ मार्च

एकही सही नाही.

२७ मार्च

राजीनामा लिहिला. फाडला. मी गेले तर बोट गेलीच, आणि इथे बसूनही ती मिळत नाही. शहरात मी नदीवरची बाई, नदीवर मी शहराची. अशी कात्रीत सापडले आहे! पूर्वी गावात शिरले की हातात केळ्याचं ताट यायचं. आता खुर्ची पुढे करतात.

खोटे साक्षीदार उभे करावेत का? मनात आलं. पण एक खोटी नोंद सापडली तर आमचं खरंही कुणी मानणार नाही.

९ एप्रिल

येस्लीला म्हटलं, शहरात ये, माझ्याकडे बाळंत हो. “आणि तिथे सगळे माझ्यावर खेकसणार, बाई नदीवरून इथे का आलात, कागद कुठेत, नवरा कुठाय. नको आत्या. प्रुदेन्सिया आजीच्या हातीच होऊ दे.” खेकसतात हे मला ठाऊक आहे. ते थांबवायला माझं कार्यालय आहे म्हणे.

१६ मे

मुलगा! मावशीने पाणी घालून नावही ठेवलं — नेइमिर. येस्लीने फोनवर त्याचं रडणं पाठवलंय. काय आवाज आहे! ऑफिसात चार वेळा लावला. साहेब डोकावले, म्हणाले, “कोण आहे हा राज्यपाल?”

आज ते मला आवडले. हेही लिहून ठेवते.

८ जून

नेइमिरला जुलाब. डोळे खोल गेलेत, येस्ली फोनवर म्हणाली. निघ म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघ, उकळून गार केलेलं पाणी मीठ-साखर घालून चमच्याने पाजत ये.

मोटर अर्ध्या वाटेत बंद पडली. वल्ही मारत आले ते. मी शहराच्या धक्क्यावर सलाईन घेऊन उभी होते, आणि वळणावरून होडी दिसली तर ती उलटी फिरत होती. माघारी चालली होती. तेव्हा कळलं.

१० जून

हे लिहिलंच पाहिजे, नाहीतर डोकं फुटेल.

रात्रभर गुआली चालली. सकाळीही मावशीने थांबवली नाही, पुरायला वेळ होता. नेइमिरला पांढरा झगा, डोक्यावर कागदी फुलांचा मुकुट. त्याच्या मावश्या, आत्या, धर्ममाता गोल धरून त्याला एकीच्या हातून दुसरीच्या हाती देत नाचत होत्या. टाळ्या, ढोलकी, विनोद. येस्लीसुद्धा गात होती. मीही. पुरेपर्यंत रिंगणात कुणी दुःखाचा शब्द काढायचा नाही.

आणि दारात साहेब! गळ्यात कॅमेरा. कार्यालयाच्या पोस्टरसाठी फोटो हवे होते, मी गावी गेल्याचं कळलं म्हणून सरप्राइज द्यायला आले. मी फक्त ‘घरचं काम’ असा निरोप ठेवला होता.

“काय उत्साह आहे तुमच्या लोकांचा! बाप्तिस्मा वाटतं?” टाळ्या वाजवायला लागले. मी मावशीकडे पाहिलं. ती गाता गाताच नजरेने म्हणाली, गप्प.

मग नेइमिर त्यांच्यासमोर आला. धर्ममातेने हात पुढे केले, रिंगणात येईल त्याच्या हाती द्यायची रीतच आहे. साहेबांनी त्याला घेतलं! एक गिरकी घेतली. त्याच्या तोंडाजवळ वाकून म्हणाले, “एवढ्या गोंगाटात काय गाढ झोपलाय! गार पडलाय, जरा पांघरूण घाला त्याला.” कॅमेरा माझ्या हातात दिला. “काढा, झुनिल्दाबाई.”

मी काढला. मागे येस्ली टाळ्या वाजवत होती. मी माझ्या ह्याच बोटाने बटण दाबलं!

साहेब गेल्यावर मावशी म्हणाली, “पाहुण्याने नाचवला. चांगलं झालं.” टोमणा की मनापासून, मला कळलं नाही. मग आम्ही त्याला पुरलं आणि मग रडलो.

२ जुलै

पोस्टर छापून आलं. साहेब आणि त्यांच्या हातात मुकुट घातलेला नेइमिर. खाली मोठ्या अक्षरांत: ‘निरोगी नदी, निरोगी बाळं.’ माझ्या दारावर एक, धक्क्यावर एक. साहेबांनी स्वतः चिकटवलं, कोपरे हाताने दाबून दाबून.

सांगायला गेले होते. त्यांच्या दारापर्यंत. सांगितलं तर काय होईल? गावाचं हसं होईल — मेलेल्या पोराला नाचवणारी माणसं! वर्तमानपत्रात येस्लीचा टाळ्या वाजवतानाचा फोटो. नाही सांगितलं तर नेइमिर रोज दारावरून माझ्याकडे असा मिटल्या डोळ्यांनी बघणार. परत येऊन पंख्याखाली बसले. पंखाही आज बंद.

९ जुलै

बोट दुसऱ्या नदीला दिली जाणार. शुक्रवारी सही होईल. “तुमच्याकडे गरज नाही ना,” साहेब म्हणाले. अगदी प्रेमाने.

११ जुलै

येस्ली आली. मी बोलावलं नव्हतं. केळी विकायला आली होती, धक्क्यावर पोस्टर दिसलं. मागे प्रुदेन्सिया मावशी, एवढे जिने चढून धापा टाकत.

येस्ली दारावरच्या पोस्टरसमोर उभी राहिली. “आत्या, इथे निरोगी लिहिलंय.”

“हो गं.”

“तो हगवणीने गेला. तुम्ही त्याला गेलेलाही राहू देत नाही?”

‘तुम्ही’ म्हणाली. मला धरून.

तेवढ्यात मावशीच पुढे झाली. “भिंतीवर चढवलाच आहे तर धड चढवा. काढ तुझा तो कागद. ती रडली तर रडू दे. पंख मी पुसेन.”

येस्लीने सही केली. रडली. मावशीने साक्षीदार म्हणून अंगठा उठवला. आणि मग आम्ही तिघी त्या मोकळ्या ओळीकडे बघत बसलो. नात्याबाहेरचा माणूस. मेलेलं मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला.

येस्लीने डोळे पुसले. मान वळवून पोस्टरकडे पाहिलं. मग मीही पाहिलं.

१२ जुलै, शुक्रवार

साहेबांनी सही केली. बोटीच्या कागदावर नाही. नेइमिरच्या — दुसरा साक्षीदार म्हणून. सहीआधी मृत्यूची तारीख वाचून त्यांनी विचारलं, “मी धरलं होतं तेव्हा...?” मी म्हटलं, हो.