अनारखोलच्या कंबरगाठीची व्यवस्था

मी अनारखोल, वय अंदाजे एकसष्ट, राहणार मार्गिलान, धंदा झगे शिवण्याचा. पाय गेले तरी डोके जागेवर आहे. हे मृत्युपत्र मुल्ला नोरकुझींकडून राजीखुशीने लिहवून घेते. दबाव आणणारी नणंद बिबिसोरा ओसरीवर बसवली आहे.

घराची वाटणी काझी करतील. सुया, कात्री आणि तुतीखालची बाज लेकीला, रोब्याला.

आता गाठीचे. माझे यजमान एशमुराद यांच्या झग्याला गुंडी नाही, नाडी नाही. सगळी अब्रू कंबरेच्या रुमालावर. तरुणपणी लावा पक्ष्यांच्या झुंजीत ते तोच रुमाल पणाला लावत आणि दोन्ही हातांनी झगा धरून घरी येत. म्हणून मी एक गाठ शोधली. अडतीस वर्षे सकाळी मीच बांधते, संध्याकाळी मीच सोडते. मी माहेरी गेले तेव्हा ते नऊ दिवस झग्यासकट झोपले.

बिबिसोरा म्हणते, “वहिनी, गाठ काय वर घेऊन जाणारेस? शिकव की मला!” शिकवणार नाही. माझ्या आंदणाचे गाठोडे तिनेच बांधले होते. निम्म्या रजया ओढ्यात गेल्या.

गाठ लिहून ठेवताना “उजवे टोक खालून, दोनदा डावीकडे” असे करून बघता बघता मुल्लाजींचा रुमाल साक्षीदार हैदरकुल यांच्या रुमालात अडकला आहे. दोघे तसेच बसले आहेत.

माझी काळजी वेगळीच आहे. माझ्या कफनाच्या तीन गाठी कबरीत उतरून यजमानांनीच सोडायच्या. परक्याचा हात मला नको. ज्यांना स्वतःच्या कंबरेची सुटत नाही ते त्या काय सोडणार? म्हणून मंगळवारपासून सराव चालू आहे.

“अहो, अंगठ्याखालून ओढा.”

“ओढतोय गं. नाही सुटत.”

“अडतीस वर्षं बघताय ना रोज?”

“मी गाठीकडे कुठं बघत होतो?”

या माणसाला काय करावे! गाठ त्यांच्या हाताने सुटेपर्यंत मी मरणार नाही, हे सर्वांनी पक्के समजावे.

अंगठा: अनारखोल

लेखकाची नोंद, बाईंना वाचता येत नाही म्हणून: अंगठा दिल्यावर बाईंचा जरा डोळा लागला. तेवढ्यात एशमुराद यांनी आपली गाठ एका हाताने सोडली, आमचीही सोडवली, आणि त्या जाग्या व्हायच्या आत आपली पुन्हा घट्ट बांधली. आम्ही बोलणार नाही, अशी शपथ त्यांनी आमच्याकडून घेतली.

साक्षीदार: हैदरकुल, सूत रंगवणारा
लेखक व साक्षीदार: मुल्ला नोरकुझी
मुक्काम मार्गिलान, ९ सफर, हिजरी १२३१