रश्श्याला साल नसते

देवळी,
१२ जानेवारी २०२६

प्रिय पौर्णिमा वहिनी,

नमस्कार. पायांची सूज उतरली का? आर्वीला माहेरी गेल्यापासून तू नुसता आराम करतेस असं दादा सांगतो, पण मला ते पटत नाही. इथे सगळं ठीक. तुळशीला पाणी मी घालते. दादा त्याचं वरण शिजवतो, मी माझं वेगळं शिजवते. शिजवत होते, म्हणायला हवं.

बारशाला मी येणार का, असं तू दादाकरवी विचारलंस. त्याचं उत्तर फोनवर दिलं असतं तर दोघी रडत बसलो असतो, आणि नवव्या महिन्यात तुला हुंदके परवडायचे नाहीत. म्हणून हे पत्र.

दोन वर्षं आपण एका गोष्टीच्या कडेकडेने चालतोय. जिनिंग मिलमध्ये कापसाच्या गंजीला आग लागली तेव्हा मी तिथल्या ऑफिसात होते. आग विझली, कुणाला काही झालं नाही, सगळे चहा पिऊन कामाला लागले. माझी छाती मात्र धडधडतच राहिली. घरी गॅसचं बटण पुन्हा पुन्हा बघायचे. झोप उडाली. तू बिचारी, मला झोप यावी म्हणून न सांगता दुधात जायफळ घालायला लागलीस. आणि मला चव बदललेली कळली! झालं. तोवर नुसती भीती होती, कशाची ते कळत नव्हतं. आता तिला चेहरा मिळाला, तो तुझा; वाटलं, तू दुधात विष घालतेस. मग छताचा पंखाही माझं नाव घेऊन सांगू लागला, ‘पिऊ नको.’ मला ते खरंच ऐकू यायचं, वहिनी. आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात गल्लीतल्या सगळ्या बायकांसमोर मी ओरडले, “ही बाई मले इख देऊन राह्यली!”

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजी करणाऱ्या सगळ्यांचं असं होत नाही. पण भीती फार वाढली, झोप गेली, की एखाद्याचं मन कारण शोधत सुटतं आणि सगळ्यांत जवळचं माणूस आधी सापडतं. हा आजार आहे, गुन्हा नाही. म्हणून मी माफी मागणार नाही, वाट बघू नकोस.

गोळ्यांनी पंखा गप्प झाला. तुझ्या हातचा घास मात्र घशाखाली उतरेना. तेव्हा तू काय केलंस? माझ्या दाराशी संत्री, केळी, शेंगा, उकडलेली अंडी ठेवत गेलीस. सगळं सालीतलं. मीच सोलायचं, मीच खायचं.

परवा दादा तुझ्याकडून निखाऱ्यात भाजलेल्या रोडग्यांचा डबा घेऊन आला. निरोपही तुझ्याच आवाजात सांगितला, “आत्याबाईले म्हणा, बाळाच्या कानात कुर्र कराले मले दुसरी कोणी भेटून नाई राह्यली. तयार राह्यजो.” मी हसले, पण मनात आलं, जिच्या हातचं गिळता येत नाही, तिचं बाळ मी कोणत्या तोंडाने घेऊ?

डबा उघडला. रोडगे अख्खे, वरचं काळं कवच तसंच, राखही न झटकलेली. दादा वैतागला, “काऊन असे पाठवले हिनं? फोडून तूप तरी घालाचं!” मी मात्र ओळखलं. त्यांनाही तू साल ठेवली होतीस. कवच काढून आतले पदर एकेक सुटे करून खाल्ले.

पण खरी बातमी पुढे आहे. खालच्या कप्प्यात आलू-वांग्याचा रस्सा होता. रश्श्याला कसली साल! छाती धडधडायला लागली. म्हटलं, धडधड तू, तुझं काम कर. ही भीती आहे, बातमी नाही. आणि घास उचलला. काय तिखट केलंस गं! नाकातून पाणी आलं. मग दादाच्या वाट्याचाही संपवला. “मोहिने, माह्यासाठी थोडा तरी ठेवाचा!” म्हणत तो डोळे पुसत बाहेर गेला. म्हणे ठसका लागला. खाल्ला कुठे होता त्याने?

तेव्हा ऐक. बारशाला मी येते. कुर्र मीच करणार. पाठीवर धपाटे घालायला टपलेल्या तुझ्या माहेरच्यांना म्हणावं, जरा जपून. गोळ्या चालूच आहेत, त्या सोबत आणीन. आपल्या गल्लीतल्या बायकाही येतीलच. त्या पंगतीत माझ्या पानात एक पळी तरी तू वाढायचीस. सगळ्यांसमोर ओरडले होते, सगळ्यांसमोर जेवीन.

डबा घासून दादासोबत पाठवतेय. रिकामा परत करू नये, म्हणून आत एक जायफळ ठेवलंय. बाळाच्या गुटीला लागेल.

तुझ्या हातचं जेवलेली,
मोहिनी आत्या