भिंतीच्या बाजूने

घोडपदेव, मुंबई
मंगळवार, १० डिसेंबर २०२४

ती. स्व. शेवंतीमावशीस,

अनूचा साष्टांग नमस्कार. कागदावर वाकायला बरं, बाळंतपणाचे टाके ओढत नाहीत.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोन करून तरी काय करू? तुला हल्ली फोनवर ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोलायचं म्हणजे आमच्या अख्ख्या माळ्याला फुकटचा कार्यक्रम. शेजारची प्रिती वडाळ्याला तुझ्याच गल्लीत क्लास घ्यायला येते, तिच्या हाती देते आहे. उत्तर लिहिलंस तर तिच्याच हाती पाठव. पाकीट मात्र चिकटव. प्रिती चांगली आहे, पण चांगल्या माणसांनाही डोळे असतातच.

आम्ही सगळे मजेत. वैभव सकाळी माझगावला गोदीत कामाला जातो, संध्याकाळी गंजाचा वास घेऊन घरी येतो. सासूबाईंचे गुडघे थंडीने कुरकुरतात. माधव सव्वा महिन्याचा झाला. बारशाला तू आलीस, पाळण्यापाशी हात पाठीमागे बांधून उभी राहिलीस आणि त्याला घेतलं नाहीस, हे सासूबाई अजून विसरलेल्या नाहीत. मी सांगितलं, मावशीला सर्दी होती.

तर माधव. तो रडतो. मुलं रडतातच, मला कळतं. पण हा असा रडतो की आवाज संपतो आणि तोंड उघडंच राहतं. वरचं दूध पचत नाही त्याला. बाटली दिली की घाईघाईने चार घोट, मग पाय पोटाशी, तोंड लालबुंद, आणि प्यायलेल्यातलं निम्मं माझ्या खांद्यावर. माझ्या म्हणजे सासूबाईंच्या. पाजतात त्याच.

डॉक्टरांनी डबा बदलून दिला. निपलही बदललं. आधीच्याचं भोक बारीक होतं, दुधापेक्षा हवाच जास्त ओढायचा. दुसरं आणलं तर दूध भसकन येऊन ठसका लागला, तेव्हा त्याच्यापेक्षा मीच जास्त घाबरले. पाणी उकळून घेतो, माप सपाट भरतो, बाटली हलवल्यावर फेस बसू देतो, पाजल्यावर उभं धरून ढेकर काढतो. सगळं सांगितल्यासारखं करतो, तरी वजन वाढायचं सोडून घटलंय. शुक्रवारी परत बोलावलं आहे. तोवर वाढलं नाही तर दाखल करून घेऊ म्हणाले. किती सहज म्हणाले गं! मला घरापर्यंतचा रस्ता आठवत नाही.

आता जरा हसून घे. माधव हे माझ्या सासऱ्यांचं नाव. ते गेले तरी सासूबाई नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मग नातवाला हाक कशी मारणार? त्या त्याला ‘अहो’ म्हणतात. ‘अहो, रडा नकात. अहो, दूध घेतल्यात ना? मगे?’ वैभव हसून हसून लोळतो. मीही हसते.

माझ्या अंगावर दूधच नाही ना, म्हणून हा सगळा खटाटोप. सासूबाईंनी अळिवाचे लाडू केले, खसखशीची खीर केली, शतावरी घालून दूध देतात. येणारीजाणारी प्रत्येक बाई माझ्या छातीकडे बघून एक उपाय सांगून जाते. मी सगळं ऐकते आणि सगळं खाते.

तो एकाच ठिकाणी गप्प होतो, गॅलरीत. आमच्या तिसऱ्या माळ्यावर संध्याकाळी बंदराकडून वारा येतो. सासूबाई त्याला घेऊन कठड्याशी उभ्या राहिल्या की पोर डोळे मिटतं, मुठी सोडतं. मी नाही नेत. डिसेंबरचा वारा, कबुतरांची घाण, शिवाय कुणाची नजर कशी सांगता येत नाही. सासूबाई म्हणतात, ‘कबुतरा काय तेंका खातत गो?’ मी म्हणते, मला कफाची भीती वाटते.

काल सासूबाई दळण आणायला खाली गेल्या. गिरणीत गर्दी असावी, त्यांना वेळ लागला. माधव उठला आणि रडायला लागला. मी मोरीत जाऊन बसले, नळ सोडला. म्हणजे लंगोट धुवायचे होते. त्या आल्या तेव्हा तो रडून रडून काळानिळा झाला होता आणि मी मोरीतच. नळामुळे ऐकू आलं नाही, म्हटलं. त्यांनी त्याला उचललं, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, ‘शेवंतीसारखा करू नको हां.’

मावशी, हे तुला लिहू नये. पण आपल्याकडे पोराला जवळ न घेणाऱ्या बाईला ‘शेवंतीसारखी’ म्हणतात, ते तुलाही ठाऊक आहे. सासूबाई आपल्या शेजारच्याच गावच्या, त्यांच्यापर्यंत ते पोचलेलं. आकांक्षा तान्ही असताना तू तिला वर्षभर आमच्या आईकडे का ठेवलंस? आईने कधी सांगितलं नाही. आता विचारायला आई नाही. तू सांगशील? सहज विचारते आहे.

तुझी लाडकी,
अनू

ता. क. उत्तर शुक्रवारच्या आत दे. सहजच.


वडाळा
बुधवार, ११ डिसेंबर

चि. अनूस आशीर्वाद.

मला बारशाला सर्दी नव्हती.

प्रिती क्लास संपवून परत निघेपर्यंत हे लिहायचं आहे, म्हणून पाल्हाळ नाही. मीही तुला दोन गोष्टी विचारते, पण सहज नाही. तुला दूध खरंच नाही का? आणि गॅलरीतून जाता-येता तू कुठल्या बाजूने चालतेस?

मी भिंतीच्या बाजूने चालायची. लालबागला आम्ही चौथ्या माळ्यावर होतो. आकांक्षा कडेवर असली की खांदा भिंतीला घासत जायची, कठड्याकडे बघायचीसुद्धा नाही. माझ्या सगळ्या पातळांना खांद्यावर चुन्याचे डाग होते. तुझी आई धुवायला घ्यायची तेव्हा म्हणायची, शेवंते, तू चालतेस की भिंत पुसतेस?

लोकांना वाटलं मला मुलगी नको होती. अगं, इतकी हवी होती की मला माझ्याच हातांचा भरवसा वाटेना. कठड्याशी गेलं की मनात भलतंच यायचं. विळीशी बसलं तरी यायचं. हे कुणाला सांगायचं? वेडी म्हणून गावी धाडलं असतं. तुझ्या आईला एवढंच म्हटलं, सुभद्रे, हिला तू सांभाळ. तिने का म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी बोलले नसते.

आकांक्षा आज स्वतः नोकरी करते, पण अजून मला जरा परक्यासारखीच वागवते. त्यात तिची काही चूक नाही. माझ्या हातांनी तिला कधीच काही केलं नाही, अनू. वर्षभर फक्त घेतलं नाही.

तुझ्या पत्रात कबुतरं आहेत, कफ आहे, नळ आहे. तू कुठेच नाहीस. माझ्यासारखंच असेल तर तुझ्या सासूबाईंना, राधाबाईंना सांग, आणि आजच सांग. तोवर त्याच्यापाशी एकटी राहू नकोस. यावर डॉक्टर असतात, हे मला फार उशिरा कळलं. मला कुणी नेलं नाही. शुक्रवारी सकाळी मी येते, दवाखान्यात तुझ्याबरोबर येईन.

शेवंतीमावशी


घोडपदेव
गुरुवार, १२ डिसेंबर

प्रिय मावशी,

भिंतीच्या बाजूने.

तुझं पत्र काल संध्याकाळी मिळालं. मोरीत बसून वाचलं आणि ब्लाउजमध्ये ठेवलं, तर दुधाने भिजलं. म्हणजे तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही झालं. दूध आहे. पहिल्यापासून आहे. मी ते मोरीत पिळून टाकते आणि वर नळ सोडते. सासूबाईंचे लाडू खाते आणि त्यांचंच मोरीत घालवते.

बारशानंतरची गोष्ट. मी त्याला घेऊन गॅलरीत उभी होते. ऊन छान होतं, तो झोपला होता, खाली कुणीतरी गाडी धूत होतं. आणि माझ्या मनात आलं, सोड. एवढंच. रागात नव्हते, रडत नव्हते, तो त्रासही देत नव्हता. मी त्याला सोडलं नाही, उलट इतका घट्ट धरला की तो दचकून उठला. पण ज्या मनाला ते सुचलं ते माझंच ना? घरात आले ती भिंतीला पाठ लावून बसले. मग ते पुन्हा पुन्हा यायला लागलं. उशी दिसली तरी यायचं, गरम पाण्याचं पातेलं दिसलं तरी यायचं.

पाजायच्या वेळी सगळे आपणहून बाहेर जातात, पडदा ओढतात. आत मी आणि तो. मला त्या पडद्याचीच धास्ती बसली. म्हणून सांगितलं, दूध आटलं. वरचं दूध असलं की कुणीही पाजू शकतं, तो सारखा कुणाच्या तरी हातात राहतो, माझ्या सोडून. मला वाटलं मी त्याला वाचवते आहे. आणि तो वाळत चाललाय गं. मांडीची कातडी सैल झाली आहे. त्याला जे पचत नाही ते आम्ही निपलं बदलून बदलून पाजतोय, आणि जे त्याचं आहे ते गटारात जातंय.

काल मला बोलायचं धाडस झालं नाही. आज दुपारी सासूबाई मेथी निवडत होत्या, तो त्यांच्या मांडीशी कण्हत होता. रडायचीही ताकद कमी झाल्यासारखा. त्याने मी जास्त घाबरले. म्हटलं, ‘आई, मला दूध आहे.’

‘आसा?’ त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. ‘मगे इतके दिवस ता खय जाता?’

‘मोरीत.’

त्यांचा चेहरा असा झाला की मी पुढचं एका दमात बोलून टाकलं. कठडा, उशी, पातेलं, सगळं. जमिनीकडे बघून बोलत होते. वाटलं, आता ओरडतील, वैभवला फोन करतील, पोराला उचलून शेजारी नेतील. खरं सांगू? नेलं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं.

त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या. पाट ओढत दारापाशी नेला आणि उंबऱ्याच्या आत, गॅलरीकडे पाठ करून, दार अडवून बसल्या. विळी आणि पातेलं आधीच उचलून वर फळीवर ठेवलं होतं, ते माझ्या नंतर लक्षात आलं.

‘मी हंय बसलंय,’ म्हणाल्या. ‘हंयसून कोण भायर जावचा नाय. तू नाय, नि तुझा मनपण नाय. घे तेंका.’

‘आई, माझे हात...’

‘हात मी बघतंय. तू पोराक बघ.’ आणि मग त्याला म्हणाल्या, ‘अहो, प्या आता.’

मावशी, मी त्याचं डोकं कोपरात धरलं आणि त्याला जवळ घेतलं. त्याला सवयच राहिलेली नाही. तोंड फिरवलं, रडला, दूध त्याच्या नाकावर, डोळ्यावर उडालं. मी म्हटलं, बघा, त्याला नकोय. सासूबाई म्हणाल्या, ‘तेंका राग इलो हा. जायत.’ पुन्हा लावला, पुन्हा सुटला. मग कधीतरी त्याने धरलं. फार नाही प्यायला. पण प्यायल्यावर पाय पोटाशी घेतले नाहीत, तसाच झोपला, गालावर दूध सुकलेलं.

आणि तेवढ्यातही ते मनात आलंच. तो पीत असतानासुद्धा. मी घाबरून सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी पाट आणखी जरा पुढे ओढला.

शेजारची कुणी पीठ मागायला आली तर तिला बाहेरूनच परतवलं. हे लिहिते आहे तोवर त्या तिथेच बसलेल्या आहेत. गुडघे धरले असणार, पण उठत नाहीत. बऱ्याच वेळाने एकदाच म्हणाल्या, ‘तुझ्या मावशीक आमी काय काय बोललंव.’

भीती गेली असं मी लिहिणार नाही. वैभवला अजून सांगितलेलं नाही, संध्याकाळी सासूबाईंसमोरच सांगेन. तो माझ्याकडे पुन्हा पूर्वीसारखा बघेल का, याचीही भीती आहे. उद्या वजन वाढलेलं नसेल. एका दिवसात काय वाढणार? दाखल करतील तर करू देत. दोघांनाही करू देत. डॉक्टरांना दुधाचं मी सांगेन. दुसरं सांगताना तू माझ्याजवळ उभी राहा, आणि मी पुन्हा कबुतरांबद्दल बोलायला लागले तर मला थांबव.

सकाळी लवकर ये. जिन्यापाशी मी तुला घ्यायला येईन, हात रिकामे असतील, माधव सासूबाईंकडे. मग आपण दोघी भिंतीच्या बाजूने चालत घरी येऊ. यंदा गणपतीत नवा चुना मारला आहे, तो खांद्याला लागेल. लागू दे. घरात आल्यावर सासूबाईंना दारात बसवू आणि तू त्याला घे. तुला जमेल तेवढाच वेळ घे, पण घे.

आजवर मी तुला ‘तुझी लाडकी’ असं लिहीत आले. आज ते पुरत नाही.

शेवंतीसारखी,
अनुजा