एका वेळी एकच पाहुणा

धाकट्या,

तुमच्या संघाचा वकील तुझा निरोप घेऊन आला होता. धावपटू संघटनेचं सचिवपद सोडा, गोऱ्यांच्या संघावर बहिष्काराची मागणी सोडा, तुमची नजरकैद उठेल, म्हणाला. आपण सख्खे बहीणभाऊ आहोत, हे त्या बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं. आईचा गोरा रंग तुला आला, बाबांचा काळा मला; म्हणून सरकारी नोंदीत तू गोरा, मी काळी. चहा पाजून त्याला वाटेला लावलं.

माझ्या घरात एका वेळी एकच पाहुणा, असा सरकारी हुकूम आहे. ठीक आहे! काल कार्यकारिणीची सभा तशीच घेतली. एकेकजण स्वयंपाकघरात यायचा, मत देऊन जायचा, मग फाटकाशी थांबलेला पुढचा आत. अख्खा दिवस गेला, पण ठराव एकमताने झाला: काळ्या पोरांना डावलून निवडलेला तुमचा संघ परदेशात धावू द्यायचा नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. माझी पत्रं फोडतात. तू कुणाचा भाऊ हे कळलं, तर गोरा म्हणून मिळालेलं तुझं संघातलं पद, घर, सगळं जाईल. रंगावरून माणसं वाटणाऱ्या ज्या कायद्याशी मी भांडते, त्याच्याच हातून तुला मारू?

तुझं घर वाचवते. संघ मात्र बुडवणारच.

तुझी, बाबांच्या रंगाची,
ताई