साडेसातची पवित्र चाल

११ नोव्हेंबर, सोमवार
काल चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत कॉयरमधल्या मनिषाने 'पवित्र, पवित्र' या स्तोत्राला ढोलकी लावली. मिस्सा आहे की गणपतीतला बाल्या नाच? बावीस वर्षं कॉयर मी सांभाळतोय, आणि ही कालची पोरगी. फादरकडे तक्रार केली. ते म्हणाले, इनास मास्तर, लोक गात तरी होते. मी म्हटलं, लोक वरातीतही गातात. शेवटी ठरलं. ८ डिसेंबरला चर्चच्या सणाला, फेस्ताला, 'पवित्र'ला माझी नवी चाल. लोक गायले तर कॉयर माझा, नाहीतर मनिषाचा.
संकल्प: चाल शुद्ध पाहिजे. बाजारातला एक सूर आत घ्यायचा नाही.

१४ नोव्हेंबर
सुचत नाही. घरात बायकोचा, फिलोमिनाचा मिक्सर. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१५ नोव्हेंबर, स. ७.४०
पाचला जाग आली नाही. पण साडेसातला दाढी करताना चाल सुचली. वरून उतरल्यासारखी, आपोआप. खाली रस्त्यावर नेहमीचा गोंगाट होता, तरी माझं चित्त ढळलं नाही. फिलोमिनाला ऐकवायला गेलो तर ती कचऱ्याची बादली घेऊन खाली.

१७ नोव्हेंबर, रविवार
साडेसातला काहीच उतरलं नाही. रविवारी देवही सुट्टीवर.

१८ नोव्हेंबर
साडेसात. दुसरं कडवं आलं. साधना म्हणतात ती हीच.

२४ नोव्हेंबर
पहिली तालीम. कॉयरवाले तोंडावर रुमाल धरून बसले होते. भारावले असणार. फिलोमिना म्हणाली, कुठेतरी ऐकल्यासारखी वाटते. अस्सल चाल तशीच वाटते, तिला काय कळतंय. मनिषा म्हणाली, अंकल, रागावू नका, एक सांगायचं होतं. म्हटलं, फेस्तानंतर सांग. जळते.

८ डिसेंबर, दुपार
पहिली ओळ झाली आणि अख्खं चर्च हसलं. मग अख्खं चर्च गायलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मागच्या बाकावरची रुझाय माय मात्र उठून दाराकडे निघाली. नंतर विचारलं तर म्हणाली, रविवार असूनही घंटागाडी आली वाटलं, बादली घरीच राहिली होती.

८ डिसेंबर, संध्याकाळ
कचऱ्याच्या गाडीने माझी चाल चोरली. नगरपरिषदेला कडक पत्र लिहायला घेतलं. फिलोमिना म्हणाली, गाडीवर ते गाणं तीन वर्षं वाजतंय. पत्र तूर्त बाजूला ठेवलं. फादर शब्दाला जागले, कॉयर माझाच. नाताळला आणखी एक चाल द्या म्हणाले. देतो. माझ्यासारखा माणूस मागे हटत नाही.

९ डिसेंबर, स. ७.३०
साबण लावून खिडकीत उभा. गाडी आली, पण मुकी. बादली घेऊन मीच खाली गेलो. ड्रायव्हर केरू म्हणाला, भोंगा जळला मास्तर, नवा कधी येईल सांगता येत नाही.

स. ८.३०
तासभर दाढी केली. काही नाही. खरं तर बावीस वर्षांत कधीच काही नव्हतं.
मनिषाला फोन केला. ढोलकी घेऊन ये म्हटलं. नुसती बघायला.